दोन गुण की चार?

मंडळी, जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी झाली. महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले आणि आपल्याकडं पारापासून फोनपर्यंत एकच वाद पेटला. दोन गुण की चार?

त्यातलं एक बोलणं मला फार आवडतं. पाठ धोक्याच्या स्थितीत गेली का, खांदा आधी टेकला का, हे लोक व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होते. एरवी निकाल ऐकून घरी जाणारा माणूस पंचाच्या जागी बसला! मातीत प्रश्न एकच, पाठ लागली का? मॅटवर पडण्याची रीतही मोजतात. आपण मातीच्या डोळ्यांनी मॅट बघतो, निम्मं भांडण तिथलं.

मग सिकंदरचा धर्म निघाला, दोन्ही बाजूंनी. बोलणं एकदम पातळ झालं. टांग गेली, खांदा गेला.

‘कुस्तीत राजकारण नको’ म्हणणारेही मला पटत नाहीत. खासबाग मैदान शाहू महाराजांनी उभारलं. आज मैदानाच्या फलकावर कुणाचे फोटो असतात, हे कुरुंदवाडकरांना मी काय सांगू? राजकारण बोलाच. पण पंच कोण नेमतो, दाद कुठं मागायची, हे विचारा की! 2025 ला अहिल्यानगरात पाठ टेकली की नाही यावरूनच शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली. आपण बोललो ते लाथेवर. फेरतपासणीच्या मागणीवर फारच थोडं.