गिरणगावातील टोळीकथा

गिरणगावातील टोळीकथा : मुंबईच्या लालबाग, परळ, भायखळा ह्या गिरणी वस्तीत वाढलेले बालमित्र संघटित गुन्हेगारीत ओढले जाण्याचे साहित्य, रंगभूमी व चित्रपट ह्यांतील चित्रण. १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियमानुसार टोळी ठरण्यास दोन व्यक्तीही पुरतात. ह्या व्यक्ती मुळात एकत्र कशा आल्या, हे कायदा विचारीत नाही; टोळीकथेचा विषय नेमका तोच आहे.

तिची पूर्वपीठिका भाऊ पाध्ये (१९२६–९६) ह्यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) ह्या पुस्तकात सापडते. अश्लीलतेच्या आरोपामुळे ते गाजले आणि त्या गदारोळात त्यातील मैत्रीच्या चित्रणाकडे दुर्लक्ष झाले. पोक्या व त्याचे सोबती ह्यांची दादागिरी नाक्यापुरतीच असते. त्यांना कामाला लावणारा ‘भाई’ अद्याप आलेला नाही. एकट्याने ज्याची लाज वाटावी, ते चौघांत सहज करता येते, हे मात्र पाध्ये यांनी निर्विकारपणे दाखविले आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे ही वस्तीच विस्कटली. जयंत पवार (१९६०–२०२१) ह्यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक ह्या पडझडीचे असून ते चाळीतील एका खोलीत घडते. थोरला बाबा लेखनात, मोहन क्रिकेटच्या वेडात आणि नरू टोळीच्या नादात, असे हे तीन भाऊ. छप्पर एक, आई एक, ओढगस्तही एकच. तरी वाटा तीन. बेकारीतून गुन्हेगारी उद्भवते, हे सोपे समीकरण नाटककाराने अशा रीतीने आतूनच मोडले आहे. घरात कोणालाच नको असलेल्या नरूला बाहेरच्या पोरांत किंमत आहे. ती किंमत पैशांत मोजता येत नाही, म्हणूनच आईजवळ तिच्यावर उतारा नाही. ह्या विषयावरील सर्वांत समर्थ कृती हीच होय.

महेश मांजरेकर ह्यांच्या ‘वास्तव’ (१९९९) ह्या हिंदी चित्रपटात रघू व दीडफुट्या हे मित्र पावभाजीची गाडी चालवितात. तेथील भांडणात त्यांच्या हातून खून होतो आणि बचावासाठी ते टोळीचा आश्रय घेतात. मित्राला मार बसत असताना गप्प राहता येत नाही, हा क्षण अस्सल आहे. परंतु पुढचे सर्व त्या एका अपघातावर ढकलल्यामुळे रघूने नंतर राजीखुशीने केलेल्या निवडी झाकल्या जातात. मांजरेकरांनीच ‘अधांतर’वरून केलेल्या ‘लालबाग परळ’मध्ये (२०१०) खोलीबाहेरची हिंसा पडद्यावर आली आणि नाटकाचा कोंडमारा सैल पडला. बाबू रेशीम, रमा नाईक व अरुण गवळी ह्यांच्या टोळीवरील ‘डॅडी’ (हिंदी, २०१७) ह्या चित्रपटात तिघांचे सख्य ही अखेर उरलेल्या एकाच्या चरित्राची केवळ प्रस्तावना ठरते.

येथे खानदेशाची तुलना उद्बोधक ठरावी. जळगाव, धुळे, अमळनेर येथेही कापडगिरण्या होत्या आणि त्याही बंद पडल्या. परंतु त्यांतून ठळक अशी टोळीकथा निपजलेली दिसत नाही. खानदेशी तरुणाची मराठीतील गाजलेली कथा म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३). पांडुरंग सांगवीकरही पुण्याच्या वसतिगृहात मित्रांच्या घोळक्यात वाहवतो, मेसच्या हिशेबात गोत्यात येतो, वडिलांचा पैसा घालवितो. मात्र हरल्यावर त्याला सांगवीला परतता येते. तेथील घर त्याला सुखाचे नाही, पण ते आहे. नरू किंवा रघू यांना परतण्याजोगे असे दुसरे ठिकाण नाही. चाळ सोडली, तर उरते ती टोळीच.

ह्या परंपरेत एक उणीव राहून गेली आहे. त्याच नाक्यावर वाढलेला, हाक आली तेव्हा न गेलेला आणि पुढे रोज त्याच जिन्यावर जुन्या सोबत्यांना ओलांडून कामाला जाणारा मित्र ह्या कथांत दुय्यमच राहतो. ‘अधांतर’मध्ये त्याची जागा भावांनी घेतली आहे, चित्रपटांत तो बहुधा पहिल्या अर्ध्या तासानंतर दिसत नाही.