‘साउथ रायडिंग’ : इतिवृत्त आणि कोल्ड हार्बर

विनिफ्रेड होल्टबी (१८९८-१९३५) हिची ‘साउथ रायडिंग’ ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर १९३६ साली प्रसिद्ध झाली. यॉर्कशायरचे परंपरेने उत्तर, पूर्व व पश्चिम असे तीनच ‘रायडिंग’ आहेत. दक्षिण रायडिंग हा लेखिकेने कल्पिलेला चौथा. परंतु त्याची भूमी पूर्व रायडिंगमधील हंबर नदीच्या मुखाजवळची आहे, हे ओळखण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. लेखिकेची आई पूर्व रायडिंगच्या काउंटी कौन्सिलची पहिली स्त्री ऑल्डरमन होती. त्या सभागृहाची इतिवृत्ते लेखिकेच्या हाती आली, आणि त्यांतूनच या ग्रंथाची घडण सुचली. कादंबरीचे आठ भाग आहेत. प्रत्येकास कौन्सिलच्या एकेका खात्याचे नाव असून प्रारंभी त्या समितीच्या इतिवृत्ताचा एक कल्पित उतारा दिलेला आहे. शिक्षण, रस्ते व पूल, शेती व छोट्या जमिनी, सार्वजनिक आरोग्य, सार्वजनिक साहाय्य, मनोदौर्बल्य, अर्थ, आणि शेवटी गृहनिर्माण व नगररचना, असा हा क्रम आहे.

या रचनेकडे पुष्कळदा एक कल्पक चौकट म्हणून पाहिले जाते. मुख्याध्यापिका सारा बर्टन आणि कर्जबाजारी जमीनदार रॉबर्ट कार्न यांची प्रेमकथा, तिच्यावरील ‘जेन एअर’ची छाया, यांतच चर्चा संपते. वस्तुतः ही चौकट एक प्रमेय मांडते. माणसाचे खाजगी सुखदुःख समितीच्या मेजावर ठरते, हे ते प्रमेय होय. आईस उद्देशून लिहिलेल्या प्रास्ताविक पत्रात होल्टबीने स्थानिक स्वराज्याला दारिद्र्य, रोग, अज्ञान यांसारख्या समाजशत्रूंविरुद्ध उभारलेली संरक्षणाची पहिली फळी मानले आहे. ही प्रतिमा युद्धभूमीवरची आहे. ती सहज सुचलेली नसावी, कारण लेखिका स्वतः १९१८ साली स्त्रियांच्या सेनासाहाय्यक दलातून फ्रान्सला गेली होती.

मग प्रश्न असा उद्भवतो की, ज्या ग्रंथात कौन्सिलच सैन्य झाले आहे, त्यात खऱ्या सैनिकांचे स्थान कोणते? ते आहेत. हंबरच्या कल्पित प्रतिरूपाकाठी, पाण्याखालून काढलेल्या जमिनीवर, कोल्ड हार्बर नावाची वसाहत आहे. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांना तेथे लहान लहान शेते देण्यात आली आहेत. एक हात गमावलेला हेयर हा त्यांपैकी एक. सभोवारची सपाट, वाऱ्याने झोडपलेली भूमी होल्टबीने विलक्षण जिवंत केली आहे. मात्र आठ समित्यांत माजी सैनिकांची समिती नाही. त्यांचा प्रश्न शेतीच्या भागात थोडा, रस्त्यांच्या भागात थोडा असा विखुरतो. नवा रस्ता कोठून जाणार, यावर त्यांच्या मालाची बाजारपेठ अवलंबून आहे, आणि त्या निर्णयात त्यांचा आवाज अगदी क्षीण आहे.

येथे इतिहासाकडे वळणे आवश्यक आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये लॉइड जॉर्जने वीरांना राहण्यास योग्य असा देश घडविण्याचे अभिवचन दिले. त्यातून १९१९ चे दोन कायदे निघाले. पहिल्या, ॲडिसनच्या कायद्याने घरबांधणीचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले; पौंडामागे एक पेनी कराच्या उत्पन्नापलीकडील तोटा सरकारी खजिन्याने सोसावयाचा होता. दुसऱ्याने माजी सैनिकांना जमिनी देण्याचे काम काउंटी कौन्सिलांकडे आले. १९२१ साली काटकसरीच्या लाटेत घरांची योजना आवरती घेण्यात आली. तिच्याखाली उभी राहिलेली घरे सुमारे २,१३,००० भरली. पुढे १९२४ व १९३० च्या कायद्यांनी घरबांधणी पुन्हा चालू झाली, परंतु तोवर घराच्या मागणीतून ‘वीर’ हा शब्द गळून गेला होता. घर हवे होते ते गरिबाला, गलिच्छ वस्तीतल्या माणसाला. होल्टबीची कादंबरी नेमकी या बदलानंतरची, १९३२ ते १९३५ या मंदीच्या काळातील आहे. (एक तपशील लक्षात ठेवावयास हवा. प्रत्यक्षात घरबांधणी मुख्यत्वे बरो आणि जिल्हा-मंडळे करीत. काउंटीच्या खऱ्या अखत्यारीत सैनिकांच्या जमिनी होत्या. कादंबरीने वजन उलटे टाकले आहे.)

गृहनिर्माणाचा धागा होल्टबीने अतिशय कसून विणला आहे. किपलिंग्टन या लहानशा सागरतीरावरील गावाजवळ ‘शॅक्स’ नावाची वस्ती आहे. तेथे जुन्या रेल्वेच्या डब्यात राहणाऱ्या होली कुटुंबातील लिडिया ही हुशार मुलगी शिष्यवृत्ती मिळवते, आणि आई बाळंतपणात वारताच भावंडांसाठी शाळा सोडते. या वस्तीतल्यांना घरे हवीत याविषयी वाचकाच्या मनात शंका उरत नाही. पण घरांची योजना पुढे ढकलणारा ऑल्डरमन स्नेथ हा धूर्त आहे. नियोजित जागेची बातमी आधी कळल्याने हगिन्स हा धर्मोपदेशक सभासद तेथील जमिनीच्या सट्ट्यात अडकतो. आणि क्षयाने पोखरलेला समाजवादी ॲस्टेल हे सारे नापसंत असूनही स्नेथशी हातमिळवणी करतो, कारण त्याला घरे हवी आहेत. विरोध करणारा कार्न प्रामाणिक आहे, परंतु त्याच्या प्रामाणिकपणाने एकही भिंत उभी राहत नाही. सार्वजनिक हिताचे काम अशुद्ध हातांनी होते, हे इतक्या निर्लेपपणे सांगणारी राजकीय कादंबरी विरळा. नगरपालिकेच्या सभा पाहिलेल्या मराठी वाचकास यातील एकही पात्र परके वाटू नये.

माजी सैनिकांच्या बाबतीत मात्र असा संघर्ष उभाच राहत नाही. त्यांना जमीन मिळाली, तेथे इतिवृत्तातील नोंद पुरी झाली. पुढील पंधरा वर्षांचे कर्ज, पडलेले भाव, एका हाताने नांगरणे हे कोणत्या खात्याचे? होल्टबीला हा प्रश्न दिसला आहे, नाहीतर हेयर कादंबरीत आलाच नसता. पण ॲस्टेलच्या तोंडी तो येत नाही, स्नेथला त्यात लाभ नाही, आणि कार्नला तो आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेचाच एक भाग वाटतो. खातेवार रचनेचे सामर्थ्य शॅक्सच्या चित्रणात दिसते. तिची मर्यादा कोल्ड हार्बरमध्ये उघडी पडते. ज्या ऋणाला समिती नाही, ते ऋण या रचनेला सांगता येत नाही. ही मर्यादा शासनाची की कादंबरीची, याचा निवाडा लेखिका करीत नाही. १९३५ च्या मे महिन्यातील राज्यारोहण-महोत्सवाच्या प्रसंगी सर्वांना एकाच सामाजिक नात्यात गुंफणारा जो शेवट तिने योजला आहे, त्याने हा प्रश्न सुटण्याऐवजी झाकला जातो. तेथील भावनेचा उत्कर्ष खरा आहे. पण तो थोडा लवकर येतो.

एका ठिकाणी मात्र दोन्ही धागे जुळतात, तेही सभागृहाबाहेर. लिडियाला पुन्हा शाळेत पाठविणारा ठराव कोणतीच समिती करीत नाही. तिचा विधुर बाप कोल्ड हार्बरमधील मिसेस ब्रिम्सली या विधवेशी विवाह करतो, घराला गृहिणी मिळते आणि मुलगी मोकळी होते. सैनिकांच्या वसाहतीने शॅक्समधील मुलीला दिलेल्या या साहाय्याची नोंद आठही खात्यांच्या इतिवृत्तांत कोठे नाही.