पट्टीने न आखलेल्या रेषा

जून २०१४मध्ये ‘इस्लामिक स्टेट’च्या लोकांनी इराक आणि सीरिया यांच्या सीमेवरचा मातीचा बांध बुलडोझरने पाडला आणि सायक्स-पिको कराराचा शेवट झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर आपल्याकडे जे लेख माझ्या वाचनात आले, त्यांतल्या बहुतेकांनी हा दावा जसाच्या तसा उचलला होता. मी १९१६चा तो नकाशा काढून बघितला, तर गंमत वेगळीच. बांध जिथे पाडला, तिथे त्या नकाशात सीमाच नाही. बांधाच्या दोन्ही बाजू एकाच फ्रेंच प्रभावक्षेत्रात येतात.

ही चूक किरकोळ नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या पश्चिम आशियाविषयी आपण जे मानत आलो, त्याच्या मुळाशीच ती आहे. दोन साहेब बसले, वाळवंटावर पट्टी ठेवली, रेघ मारली आणि शंभर वर्षांचे रक्तपात सुरू झाले, अशी ती कथा. डिसेंबर १९१५मध्ये मार्क सायक्सने ब्रिटिश मंत्र्यांपुढे नकाशावर अक्कापासून किरकूकपर्यंत रेषा सुचवली, हे खरे. मे १९१६मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी त्या धर्तीवर गुप्त करार केला, हेही खरे. पण आजच्या सीमा त्या करारातून जशाच्या तशा उतरलेल्या नाहीत.

मोसूलचेच बघू. करारात ते फ्रान्सच्या वाट्याला होते. ऑक्टोबर १९१८च्या अखेरीस तुर्कांशी शस्त्रसंधी झाली, आणि ती झाल्यावर ब्रिटिश फौज मोसुलात शिरली. डिसेंबरात लंडनला क्लेमान्सो आणि लॉइड जॉर्ज भेटले तेव्हा क्लेमान्सोने मोसूल आणि पॅलेस्टाइन तोंडी सोडून दिले. एप्रिल १९२०मध्ये सान रेमोला त्याची किंमत ठरली : मेसोपोटेमियाच्या तेलात फ्रान्सला २५ टक्के. तुर्कस्तानाने मोसुलावरचा हक्क सोडला नव्हता. १९२३च्या लोझानच्या तहातही हा प्रश्न लोंबकळत राहिला. डिसेंबर १९२५मध्ये राष्ट्रसंघाने निवाडा दिला आणि १९२६च्या तहाने त्यावर शिक्का बसला. म्हणजे एका रेषेला दहा वर्षे लागली, आणि ती फौज, तेल, सौदा व निवाडा अशा चार हातांतून गेली. याला पट्टी म्हणता येणार नाही.

या विषयावरची दोन इंग्रजी पुस्तके आपल्या वाचकांना परिचयाची असतील. डेव्हिड फ्रॉमकिनचे ‘अ पीस टू एंड ऑल पीस’ १९८९चे, जेम्स बारचे ‘अ लाइन इन द सँड’ २०११चे. दोन्ही मी आवडीने वाचली आहेत आणि दोघांचाही ऋणी आहे. बारचे मोठे श्रेय असे, की एका बाजूने लढलेली दोन साम्राज्येच युद्ध संपताच एकमेकांची वैरी कशी झाली, हे तो पुराव्यानिशी दाखवतो. फ्रॉमकिन १९२२पर्यंतची गुंतागुंत फार सफाईने उलगडतो. तरी दोघांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यांच्या पानांवर तिथली माणसे येतात, बंडे येतात. पण कथा पुढे सरकते ती युरोपातल्या टेबलांवरून. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा चर्चिल लक्षात राहतो, दमास्कसचा रहिवासी नाही.

आणि नेमका त्या रहिवाशाने सीमांवर परिणाम केलेला आहे. मार्च १९२०मध्ये दमास्कसच्या काँग्रेसने फैसलला राजा घोषित केले. २४ जुलैला मैसलूनच्या लढाईत फ्रेंच फौजेने ते राज्य मोडले. संरक्षणमंत्री युसुफ अल-अझमा रणात पडला. त्याच वर्षी इराकमध्ये उठाव झाला. तो दडपताना ब्रिटिशांचा इतका पैसा आणि माणूसबळ खर्ची पडले, की थेट राज्य करण्याचा बेत सोडून १९२१मध्ये त्याच फैसलला बगदादच्या गादीवर बसवावे लागले. उत्तरेला अनातोलियात तर कागदच फाटला. ऑगस्ट १९२०च्या सेव्ह्रच्या तहाने तुर्कस्तानाचे लचके तोडले होते; मुस्तफा केमालच्या सैन्याने लढून तो रद्द करवला. मैसलूनला हरलेल्यांना मँडेट मिळाले, अनातोलियात जिंकलेल्यांना लोझान. साम्राज्यांची इच्छा दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो समोरच्याच्या ताकदीने.

हे सांगताना मला आपल्या घरचा एक धागा सोडवत नाही. मेसोपोटेमियात उतरलेली आणि कूतला वेढ्यात सापडलेली ब्रिटिश-हिंदी फौज होती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने उपाशी लढून २९ एप्रिल १९१६ला कूत शरण गेले. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नव्हते, तोच लंडन-पॅरिसच्या पत्रांनी तो गुप्त करार पक्का झाला आणि बगदाद ब्रिटिशांच्या रंगात रंगले. म्हणजे ज्या बगदादच्या वाटेवर फौज नुकतीच कैद झाली होती, जे हाती यायला आणखी दहा महिने होते, ते कागदावर आधीच वाटून झाले. कैदेत गेलेल्यांत साताऱ्या-रत्नागिरीकडचे शिपाई होते. अशा गावांतून महायुद्धाला किती माणसे गेली, हे सांगणारा दगड मी साताऱ्याकडच्या एका चावडीवर पाहिला आहे. त्यावर आकडा आहे. कशासाठी गेली, ते नाही.

पट्टीची कथा मला नकोशी वाटते ती याचमुळे. ती साम्राज्यांना अज्ञानी ठरवते, तेव्हा त्यांचा हिशेब झाकला जातो. ती तिथल्या लोकांना मातीचे गोळे ठरवते, तेव्हा त्यांचा लढा झाकला जातो. आणि पट्टी धरणारा हातच तेवढा दाखवते, तेव्हा ज्या शिपायाच्या बळावर तो हात नकाशापर्यंत पोचला, तोही दिसेनासा होतो. त्या शिपायाची बाजू लिहिणारा ग्रंथ लंडनला होईल, अशी वाट बघण्यात अर्थ नाही. ते काम मराठीचे आहे.