गोष्ट सुधारतां येते काय?

उन्हाळ्याची सुटी लागली कीं आमच्या टेबलावर हस्तलिखितें जमूं लागतात. कोणी आजचा विद्यार्थी असतो, कोणी दहा वर्षांपूर्वीं वर्गांत बसलेला व आतां कचेरींत रुळलेला गृहस्थ असतो, कोणी संसारांतून वेळ काढून लिहिणारी गृहिणी असते. सर्वांचा प्रश्न मात्र एकच : “गोष्ट बरी वठली आहे काय?” या प्रश्नाला ‘होय’ म्हणणें सोपें आहे आणि ‘नाहीं’ म्हणणें त्याहूनहि सोपें आहे. कठीण आहे तें इतकेंच, कीं जी गोष्ट बरी वठली नाहीं ती बरी कशी करावी हें सांगणें. या विषयावर चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें. लिहिण्याचें टाळलें याचें कारण आमची एक जुनी चूक आहे. ती आधीं सांगून टाकतों, म्हणजे पुढील सल्ला कोणत्या अधिकारानें दिला आहे हें वाचकांस कळेल.

पंधराएक वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें एक गोष्ट दाखवावयास आणली. गोष्ट तिच्या वडिलांच्या लहानपणची होती. मुलाच्या फीसाठीं आजी घरांतलें तांब्याचें घंगाळ तांबटाकडे मोडीला देते. तराजूंत घंगाळ चढतें, शेजारीण हळहळते, आणि आजी म्हणते, “तांब्याचं होतं म्हणून मोडतां तरी आलं, मातीचं असतं तर काय केलं असतं?” दुसऱ्या दिवशीं मुलाच्या आंघोळीचें पाणी रॉकेलच्या डब्यांत तापतें, आणि तेथेंच गोष्ट संपते. आम्हीं ती वाचली आणि लाल पेन्सिल उचलली. आजीचें वाक्य आम्हांला ग्राम्य वाटलें; त्याच्या जागीं विद्येपुढें धन तुच्छ असल्याचें एक भारदस्त वाक्य आम्हीं सुचविलें. शेवट अपुरा वाटला. म्हणून तो मुलगा पुढें पदवीधर होऊन आईच्या पायांवर डोकें ठेवतो असा परिच्छेद जोडावयास सांगितलें. विद्यार्थिनी आज्ञाधारक होती. तिनें सर्व कांहीं आमच्या म्हणण्याप्रमाणें केलें, आणि आठ दिवसांनीं जी गोष्ट आमच्या हातीं आली ती मेलेली होती. व्याकरणाची एक चूक तींत नव्हती. आम्हांला तें त्याच क्षणीं कळलें; परंतु तसें बोलून दाखविण्याचें धैर्य झालें नाहीं. “छान झाली” असें म्हणून आम्हीं वही परत केली. तिनें पुन्हां कधीं गोष्ट आणली नाहीं.

म्हणून ‘गोष्ट सुधारतां येते काय?’ हा आमच्या दृष्टीनें केवळ पांडित्याचा प्रश्न नाहीं. ती बिघडवितां येते हें आम्हीं प्रयोगानें सिद्ध केलें आहे.

प्रतिभा ही देणगी आहे, ती शिकवून येत नाहीं, असें मानणारा एक पक्ष आपल्याकडे पूर्वींपासून आहे. उलट, ना. सी. फडके यांनीं १९३१ सालीं ‘प्रतिभासाधन’ प्रसिद्ध करून कथा-कादंबरीच्या तंत्राची चर्चा मराठींत सविस्तर केली, तेव्हांपासून तंत्राचा पक्षहि बलवान झाला. या दोहोंपैकीं कोणा एकाची बाजू घेण्याची आम्हांला गरज वाटत नाहीं. आमच्यापुढें येणाऱ्या हस्तलिखितांतले बहुतेक दोष प्रतिभेच्या अभावाचे नसतात, तसे तंत्राच्या अज्ञानाचेहि नसतात. ते दुर्लक्षाचे असतात. लेखकानें जें पाहिलें तें नीट पाहिलें नाहीं, किंवा पाहून तें लिहितांना सोडून दिलें. लक्ष देणें ही संवय आहे, आणि संवय लावून घेतां येते.

पहिली गोष्ट आवाजाची : ही हकीकत कोण सांगत आहे? दोन कादंबऱ्या शेजारीं ठेवून पाहाव्या. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं निघालें. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० सालीं सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः येऊं लागली. दोहींचा विषय हिंदु स्त्रीची, विशेषतः विधवेची दुःस्थिति. दोहींच्या नायिकेचें नांवहि यमुनाच. परंतु पदमनजींची यमुना पतीबरोबर प्रवास करते आणि वाटेंत तिला एकामागून एक दुःखी विधवा भेटतात. प्रत्येक विधवा हें एक उदाहरण आहे. तें संपलें कीं प्रवास पुढें चालूं होतो. आरंभकाळच्या त्या ग्रंथाचें मोल कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या काळीं हा विषय कथारूपानें मांडणें हेंच मोठें धाडस होतें. पण वाचकाला त्यांत जें कळतें तें बाहेरून कळतें.

हरिभाऊंनीं लेखणी यमूच्याच हातीं दिली. यमू आपलें लहानपण सांगते, दादाबरोबरचीं भांडणें सांगते, सासरच्या माणसांचे स्वभाव सांगते, नवऱ्यामुळें वाचनाची गोडी कशी लागली आणि मुंबईच्या बिऱ्हाडांत आपण किती सुखांत होतों हें सांगते. तिच्या बोलण्यांत पाल्हाळ आहे, पुनरुक्ति आहे. परंतु या पाल्हाळांतूनच आपण तिच्या घरांत राहावयास जातों. पुढें वैधव्य येतें आणि तिच्या इच्छेविरुद्ध केशवपन होतें, तेव्हां वस्तरा ‘एका विधवे’च्या डोक्यावरून फिरत नाहीं, आपल्या ओळखीच्या यमूच्या डोक्यावरून फिरतो. सुधारणेचा पुरस्कार दोन्ही ग्रंथांत आहे. दुसऱ्यांत तो वाचकाच्या मनांत आपोआप उत्पन्न होतो, इतकाच काय तो भेद. आणि कथालेखनाचें सारें मर्म या भेदांत आहे.

तेव्हां नव्या लेखकानें लिहिण्यापूर्वीं स्वतःस विचारावें : ही गोष्ट मी कोणाच्या तोंडून ऐकली असती तर ती मला खरी वाटली असती? उत्तर मिळालें कीं त्या माणसाची भाषा सोडूं नये. आजी बोलत असेल तर तिला आजीसारखें बोलूं द्यावें. प्राध्यापकाकडून तिचीं वाक्यें दुरुस्त करवूं नयेत. संभाषण साधलें कीं नाहीं याची एक सोपी परीक्षा आहे. बोलणाऱ्यांचीं नांवें झांकून तें घरांत मोठ्यानें वाचावें. कोण बोलत आहे हें ऐकणारांस ओळखतां आलें तर ठीक. सासू, सून आणि वकील हे तिघेहि सारखेच बोलत असतील तर तिघांपैकीं एकहि जिवंत नाहीं असें समजावें.

दुसरी गोष्ट पाहण्याची. फ्लोबेअर आपल्याला काय शिकवीत असे, हें मोपासांनें ‘पिएर ए झां’ या १८८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या प्रस्तावनेंत सांगितलें आहे. दाराशीं बसलेल्या वाण्याचें वर्णन असें करावें, कीं तो जगांतल्या दुसऱ्या कोणत्याहि वाण्यापासून वेगळा ओळखूं यावा, असा त्या शिकवणीचा आशय आहे. चेकोव्हनें १८८६ सालीं आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांत हेंच निराळ्या रीतीनें सांगितलें. चांदण्या रात्रीविषयीं ठराविक काव्यमय वाक्यें लिहूं नयेत; पाणचक्कीच्या बांधावर फुटक्या बाटलीची कांच चमकली, एवढें दाखविलें तरी चांदणें उभें राहतें. विशेषणांनीं लेखकाला वाटलेलें मत कळतें, वस्तु दिसत नाहीं. ‘ती अत्यंत गरीब पण स्वाभिमानी बाई होती’ असें वाक्य आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक वह्यांत असतें. त्याऐवजीं, पाहुणा येतांच तिनें लुगड्याचें ठिगळ निऱ्यांत लपविलें आणि चहांत साखर पाहुण्यापुरतीच घातली, असें लिहिलें म्हणजे गरिबी दिसली, स्वाभिमानहि दिसला, आणि दोन विशेषणें वांचलीं.

मात्र येथें एक सावधगिरी हवी. तपशील म्हणजे यादी नव्हे. खोलींतल्या प्रत्येक खुर्चीचें वर्णन करणारा लेखक नीट पाहतो असें होत नाहीं. काय पाहावें हें त्याला ठरवितां येत नाहीं, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. घंगाळाच्या गोष्टींत रॉकेलचा डबा आहे तो एकटाच, आणि तो पुरेसा आहे.

आरंभाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. बहुतेक नवशिक्यांच्या गोष्टींचें पहिलें पान फाडून टाकलें तर नुकसान होत नाहीं. त्या पानावर सूर्य उगवतो, पक्षी किलबिलतात आणि नायकाच्या घराण्याचा इतिहास येतो. गोष्ट दुसऱ्या पानावर सुरू होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या १९५५ सालच्या कादंबरींत तरुण मास्तर आरंभींच त्या धनगरवस्तीच्या वाटेला लागलेला आहे. वाडीची ओळख वाचकाला मास्तरबरोबर, त्याच्याच पावलांनीं होते. आधीं माहिती व मागून कथा, अशी वांटणी तेथें नाहीं.

शेवटाविषयीं मात्र थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण आमची चूक तेथेंच झाली होती. एडगर ॲलन पो यानें १८४२ सालीं हॉथॉर्नच्या कथांचें परीक्षण करतांना, लहान कथेंतील प्रत्येक शब्द एकाच ठरविलेल्या परिणामाकडे नेणारा असावा, असें प्रतिपादन केलें. हा नियम कडक आहे, पण शेवट पारखावयास फार उपयोगी. आपल्याकडे शेवट दोन प्रकारांनीं बिघडतात. एक योगायोगानें : हरवलेला भाऊ नेमका त्याच गाडींत भेटतो, श्रीमंत मामा नेमका त्याच आठवड्यांत मरतो. योगायोगानें पात्रें संकटांत पडलीं तर वाचक तें सोसतो, कारण आयुष्यांतहि असें घडतें. पण योगायोगानेंच तीं सुटलीं तर लेखकानें आपल्याला फसविलें असें त्याला वाटतें. दुसरा प्रकार तात्पर्याचा. गोष्टीनें जें सांगितलें तेंच लेखक पुन्हां एकदां सांगतो, कारण त्याचा वाचकावर विश्वास नसतो. आणि खरें पाहतां स्वतःच्या गोष्टीवरहि नसतो.

‘बनगरवाडी’चा शेवट या दृष्टीनें अभ्यासावा. दुष्काळ पडतो, मेंढरें मरूं लागतात, माणसें वाडी सोडून जातात आणि मास्तर मागें उरतो. कोणी खलपुरुष नाहीं, कोणी उद्धारक नाहीं. मेंढरांवर जगणारी वस्ती पाऊस न पडल्यास काय करील, याचें उत्तर त्या भूमीनेंच दिलेलें आहे. शेवट असा आंतून यावा. आमच्या विद्यार्थिनीचा शेवट आंतून आलेला होता. डब्यांत तापलेलें तें पाणी हें त्या घरानें भरलेल्या किंमतीचें चित्र होतें. आम्हीं पदवीदान समारंभ जोडून ती किंमत व्याजासह परत करविली, आणि त्यामुळें आजीच्या त्यागांत त्याग म्हणून कांहीं उरलें नाहीं.

आतां प्रत्यक्ष दुरुस्तीविषयीं. गोष्ट लिहून झाली कीं ती निदान महिनाभर कपाटांत ठेवावी. लिहितांना मनांत असलेलें सर्व कांहीं कागदावर उतरलें आहे असा भ्रम असतो; महिन्यानें तो ओसरतो आणि कागदावर खरोखर काय आहे तें दिसतें. मग पहिल्या वाचनांत कांहींहि खोडूं नये, नुसत्या खुणा कराव्या. जेथें स्वतःलाच कंटाळा आला तेथें एक खूण, जेथें स्वतःचें वाक्य फार आवडलें तेथें दुसरी. दुसऱ्या खुणेच्या जागा अधिक संशयानें पाहाव्या. तेथें बहुधा लेखक बोलत असतो आणि पात्र गप्प बसलेलें असतें. त्यानंतर वही दुसऱ्यास द्यावी, परंतु “चांगली आहे का?” असें विचारूं नये. या प्रश्नाला स्नेही खोटें उत्तर देतात आणि टीकाकार निरुपयोगी उत्तर देतात. “तुम्हीं कोठें थांबलांत? कोणाचें म्हणणें तुम्हांला पटलें नाहीं? दुसऱ्या दिवशीं काय आठवलें?” असें विचारावें. वाचकाला रोग जेथें जाणवतो ती जागा बहुधा बरोबर असते. त्यानें सुचविलेलें औषध मात्र क्वचितच लागू पडतें.

हें शेवटलें वाक्य आम्हीं मुख्यतः आमच्यासारख्या सल्लागारांसाठीं लिहिलें आहे. घरांत, शाळेंत, महाविद्यालयांत ज्यांच्याकडे कोणी तरुण मनुष्य भीत भीत वही घेऊन येतो, त्यांनीं समासांत खूण करावी, प्रश्न विचारावा आणि थांबावें. वाक्य लिहून देऊं नये. आपलें वाक्य अधिक शुद्ध असेल. परंतु तें आपलें असतें, आणि गोष्ट त्याची असते.

तिची पहिली वही, लाल पेन्सिलीच्या खुणांसह, आमच्याकडेच राहिली आहे. तिनें ती परत मागितली नाहीं. मध्यंतरीं एका वर्षीं आम्हीं ती बाहेर काढली आणि आमच्या सर्व खुणा रबरानें पुसून टाकल्या. पुसलेल्या जागीं कागद थोडा विरला आहे, पण आजीचें वाक्य पूर्वींसारखें स्पष्ट वाचतां येतें. हा लेख तिच्या दृष्टीस पडला तर तिनें येऊन वही घेऊन जावी. गोष्टींत बदल करण्यासारखें कांहीं नाहीं.