‘इंडिया कॉलिंग’ : साधन म्हणून परीक्षण

नेवाशास प्रवरेच्या कांठीं ज्ञानेश्वरीचा काल विचारला तर जाणता मनुष्य दोन शक सांगतो : रचनेचा १२१२ आणि एकनाथांनीं केलेल्या शुद्धीचा १५०६. दोन्ही खरे, परंतु एकाच्या जागीं दुसरा घातला कीं प्रमाद घडतो. ‘हिंदुस्थानांतील पहिली स्त्री-वकील’ ह्या बिरुदाचें असेंच झालें आहे.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें झाला. डेक्कन कॉलेजांत शिकून त्या ऑक्सफर्डास गेल्या व १८९२ सालीं तेथील बी. सी. एल. ची परीक्षा उतरल्या. मात्र त्या विद्यापीठानें स्त्रियांस पदव्या देण्यास १९२० सालीं आरंभ केला. अलाहाबाद हायकोर्टानें बाईंस वकील म्हणून १९२१ सालीं नोंदलें, आणि वकिलीस स्त्रीत्व हा अडथळा नव्हे असें ठरविणारा कायदा १९२३ सालीं झाला. तेव्हां ‘पहिली’ म्हणतांना परीक्षा, नोंद कीं कायदा, हें सांगितल्यावांचून विधान अपुरें राहतें.

परीक्षा व नोंद यांत एकोणतीस वर्षें गेलीं, आणि बाईंचें मुख्य कार्य त्याच अवधींतलें आहे. पडदानशीन स्त्रियांस पुरुष वकिलापुढें येतां येत नसे. १९०४ पासून बाईंनीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे राहून अशा स्त्रियांच्या हक्कांचें व मिळकतींचें काम पाहिलें.

त्याची हकीकत १९३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘इंडिया कॉलिंग’ ह्या इंग्रजी आत्मवृत्तांत आहे. त्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. आमचा आक्षेप इतकाच कीं, पडद्याआडची स्त्री तेथें बाईंच्या तोंडून बोलते. बाईंचा ओढा ब्रिटिश राज्याकडे होता व गांधींच्या चळवळीस त्यांचा विरोध होता. हें ध्यानांत न घेतां त्यांचीं वर्णनें जशींच्या तशीं उतरून घेणें म्हणजे एकाच पोथीवरून पाठ ठरविणें होय. त्यांचे खासगी कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. आत्मवृत्त निदान त्यांच्याशीं तरी ताडून पाहिलें पाहिजे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. जुनीं दप्तरें चाळतांना विधवेचा अर्ज, पोटगीची पावती, ‘निशाणी बांगडी’ असलेला करार हे कागद आम्हीही पूर्वीं क्षुल्लक म्हणून बाजूस सारले आणि इनामपत्रें तेवढीं जपलीं. ती आमची चूक होती. बाईंनीं ज्यांची बाजू मांडली तशा स्त्रियांचा स्वतःचा शब्द कोठें उरला असेल, तर तो अशाच कागदांत उरला असेल.