‘खोल नद्या’ : एक भाषा, दोन श्रोते

पेरूमधील सामाजिक विषमतेची मीमांसा प्रायः जमिनीपासून सुरू होते. होसे कार्लोस मारिआतेगी यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सात निबंधांत इंडियनांचा प्रश्न हा मुळात भूस्वामित्वाचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन केले. तेव्हापासून त्या देशातील साहित्यविचारावर या भूमिकेची गडद छाया पडलेली दिसते. भाषेचा विचार या मीमांसेत येतो, तो बहुधा एका सोप्या समीकरणाच्या रूपाने : स्पॅनिश ही मालकाची भाषा, केचुआ ही रयतेची. होसे मारिया आर्गेदास यांच्या ‘लोस रिओस प्रोफुन्दोस’, म्हणजे ‘खोल नद्या’, या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा अर्थही पुष्कळदा याच समीकरणाने लावला गेला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे समीकरण त्या कादंबरीला पुरे पडत नाही. किंबहुना कादंबरीच ते खोडून काढते. विषमता कोणत्या भाषेत बोलले जाते यापेक्षा कोण कोणाला उद्देशून बोलतो आणि कोणाला उत्तर देण्याची मुभा आहे, यात वसते, असे ही कृती दाखविते.

आर्गेदास यांचा जन्म १९११ साली आंदाउआयलास या डोंगराळ भागातील गावी झाला. वडील वकील, गोऱ्या समाजातले. आई लहानपणीच वारली आणि सावत्र आईच्या घरी हा मुलगा इंडियन नोकरांच्या सहवासात, स्वयंपाकघराच्या आश्रयाने वाढला. केचुआ ही त्याच्या जिव्हाळ्याची भाषा झाली. पुढे लेखनास आरंभ करताना त्यांच्यापुढे जो पेच उभा राहिला तो केवळ शैलीचा नव्हता. केचुआत बोलणारी माणसे स्पॅनिशमध्ये कशी बोलवावीत ? ‘आगुआ’ (१९३५) या संग्रहातील पहिल्या कथेचा शुद्ध साहित्यिक स्पॅनिशमधील खर्डा त्यांना स्वतःलाच खोटा वाटला. म्हणून त्या संग्रहात आणि ‘यावार फिएस्ता’ (१९४१) या कादंबरीत त्यांनी एक मिश्र भाषा घडविली. तीत उपपदे गळतात, क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते, धातुसाधितांची रांग लागते. केचुआची वाक्यरचना मराठीप्रमाणेच क्रियापदान्त व प्रत्ययप्रधान आहे. तिला उपपद नाही, व्याकरणिक लिंगही नाही. त्या रचनेचा ठसा स्पॅनिशवर उमटविण्याचा तो प्रयत्न होता. अशी भाषा प्रत्यक्षात कोणीही बोलत नाही, ती निर्मिलेली आहे, हे आर्गेदास यांनी १९५० मधील आपल्या निबंधात स्वच्छ सांगितले आहे.

या प्रयोगातील धोका भाषाशास्त्राच्या अभ्यासकास चटकन जाणवतो. जो माणूस स्वतःच्या भाषेत अव्यंग बोलतो, तो अशा अनुवादात मोडके बोलू लागतो आणि वाचक त्या मोडकेपणाचे खापर भाषांतरावर न फोडता माणसाच्या बुद्धीवर फोडतो. ‘खोल नद्या’मध्ये आर्गेदास यांनी ही वाट सोडली. येथे केचुआ संवाद निर्दोष, सुबोध स्पॅनिशमध्ये येतात; मधूनमधून केचुआ शब्द जसेच्या तसे उभे राहतात; गीते मूळ व भाषांतर अशी दोन्ही रूपांत छापली आहेत. भोवऱ्याविषयीच्या प्रकरणाचा प्रारंभ तर ‘यिल्यु’ आणि ‘इल्या’ या दोन ध्वनिरूपांच्या अर्थविवेचनाने होतो : एक इवल्या पंखांच्या गुंजारवाचे, दुसरे एका विशिष्ट प्रकाशाचे. कादंबरीत असे कोशवजा विवेचन खपते, कारण निवेदक एर्नेस्तो हा चौदा वर्षांचा मुलगा ज्या जगातून तुटला आहे, त्या जगाकडे परतण्याचा शब्द हाच त्याचा एकमेव मार्ग आहे.

आता तीन प्रसंग पाहू. आबान्काय या गावच्या पाद्र्यांच्या शाळेत ठेवलेला एर्नेस्तो शेजारच्या पातिबाम्बा या जहागिरीतील कुळांच्या झोपड्यांकडे जातो. ही कुळे म्हणजे मालकाच्या जमिनीस पिढ्यान्‌पिढ्या जखडलेली वेठीची माणसे. तो त्यांच्याशी केचुआत, स्वतंत्र ग्रामसमूहांतील लोकांच्या जिव्हाळ्याच्या सुरात बोलतो. बायका त्याला बोलू नकोस एवढेच सांगतात. भाषा एक आहे, ध्वनी तेच आहेत, प्रत्यय तेच आहेत. तरीही संभाषण होत नाही. त्यांची स्मृतीच हिरावून घेतली गेली आहे, असे निवेदकाला वाटते. जहागिरीने येथे जमीन तर घेतलीच, पण परक्याने मायेने हाक मारली असता ओ देण्याची सवयही घेतली. केचुआला रयतेची भाषा म्हणून एकसंध मानणाऱ्या समीक्षेला या प्रसंगाचा उलगडा करता येत नाही.

दुसरा प्रसंग अधिक मार्मिक आहे. गावात मीठ मिळेनासे होते, पण जहागिरींच्या गुरांना मात्र ते पुरविले जाते. चिचा नावाचे मक्याचे मद्य विकणाऱ्या स्त्रिया दोन्या फेलिपाच्या नेतृत्वाखाली मिठाची कोठी फोडतात आणि त्यातला वाटा पातिबाम्बाच्या कुळांपर्यंत पोहोचवितात. जहागिरीचे मुकादम तो चाबकाच्या धाकाने परत घेतात. मागून शाळेचा मुख्य धर्मगुरू तेथे येऊन केचुआत प्रवचन करतो : मी तुमचाच दीन बंधू, आपण सारेच दुःख सोसतो, चोरी हा आत्म्याचा शाप. जमाव गुडघे टेकून रडू लागतो. हाच गुरू शाळेतल्या मुलांशी स्पॅनिशमध्ये बोलतो तेव्हा त्यांची मने उंचावतो. कुळांशी केचुआत बोलताना त्यांना चिखलात लोटतो. याच्या ठायी अनेक आत्मे आहेत काय, असा प्रश्न एर्नेस्तोला पडतो. रयतेची भाषा येथे मालकाचे हत्यार झाली आहे आणि ती परकी नसल्यामुळेच तिचा घाव खोल जातो.

येथे मराठी वाचकास एक सोय आहे, जी स्पॅनिश वाचकास नाही. केचुआत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : श्रोत्यास सामावून घेणारे ‘ञुकान्चिक’ आणि श्रोत्यास वगळणारे ‘ञुकायकु’. आपले ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचा भेद तो हाच. स्पॅनिशमध्ये दोहोंसाठी एकच सर्वनाम असल्याने कादंबरीच्या छापील पृष्ठावर हा भेद पुसला जातो. परंतु प्रवचनाचा मराठी अनुवाद करू गेल्यास अनुवादकास निवड करावीच लागेल. धर्मगुरूच्या तोंडी ‘आपण’ घालणे अपरिहार्य आहे. ज्याच्या पोटासाठी मीठ कधी तोलले गेले नाही तो ‘आपण’ म्हणतो, आणि ज्यांना ‘आम्ही’ म्हणण्याचे कधी धाडस झाले नाही ते ऐकून रडतात. सर्वनामाच्या या खोट्या औदार्यात जहागिरीची सारी नीती साठविलेली आहे.

तिसरा प्रसंग अखेरचा. सन्निपात ज्वराची साथ पसरते आणि हीच कुळे रक्षकांचा अडथळा ओलांडून मध्यरात्रीच्या प्रार्थनाविधीसाठी आबान्कायमध्ये शिरतात, स्तोत्रे म्हणत, तापाला शाप देत. बोलू नकोस म्हणणारे आता स्वतः मोठ्याने बोलत आहेत, आणि गावाला ते ऐकावे लागते. त्यांचा हेतू धार्मिक, किंबहुना मांत्रिक आहे, हे खरे. आर्गेदास यांचे म्हणणे पुढे असे होते की, जे अशा श्रद्धेपोटी उठू शकतात ते प्रत्यक्ष हितासाठी का उठणार नाहीत ? १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कुस्को प्रांतातील ला कोन्वेन्सिओन खोऱ्यात कुळांनी संघटना करून वेठ नाकारली, तेव्हा या प्रश्नाला उत्तर मिळाले.

आर्गेदास यांच्यावरील आक्षेप दोन दिशांनी आले. जून १९६५ मध्ये लिमा येथील चर्चासत्रात काही समाजशास्त्रज्ञांनी व समीक्षकांनी त्यांची पुढची कादंबरी ‘तोदास लास सांग्रेस’ ही पेरूच्या वास्तवाचे विश्वसनीय चित्र देत नाही, असा निर्णय दिला. त्या रात्री आपले जीवन व्यर्थ गेले की काय, अशा आशयाचे टिपण लेखकाने लिहिले. १९६९ मध्ये त्यांनी आत्मघात केला. या दोन गोष्टींत सरळ कार्यकारणभाव जोडणे अन्यायाचे होईल, कारण त्यांची मानसिक व्यथा फार जुनी होती. दुसरा आक्षेप मारिओ वार्गास योसा यांचा. १९९६ मधील ग्रंथात त्यांनी आर्गेदास यांच्या साहित्यामागे भूतकाळात रमणारे एक पुरातन आदर्शराज्य असल्याचे सांगितले. कथेला समाजशास्त्राच्या फूटपट्टीने मोजू नये, हे त्यांचे मत ग्राह्य आहे. परंतु ‘खोल नद्या’पुरते बोलायचे तर, ज्या कृतीत स्वभाषाच फितूर झालेली दिसते तिला पुरातनाचे गोडवे गाणारी म्हणता येत नाही.

कादंबरीची मर्यादा मात्र अन्यत्र आहे. कुळांपैकी एकालाही येथे स्वतःचे नाव आणि स्वतःचे असे सलग बोलणे लाभत नाही. फेलिपा पाचाचाका नदीचा पूल ओलांडून निघून जाते आणि कथेतून नाहीशी होते. शेवटचा जमावही आपल्याला ऐकू येतो तो एर्नेस्तोच्या कानांनी. ‘मी’पासून ‘आम्ही’पर्यंतची वाट लेखकाने दाखविली, पण चालून पाहिली नाही.

पुढील इतिहासाने या प्रश्नाची तीव्रता कमी केलेली नाही. १९६९ च्या जमीनसुधारणेने जहागिऱ्या मोडल्या; १९७५ मध्ये केचुआस राजभाषेचा दर्जा मिळाला; १९७९ च्या संविधानाने निरक्षरांना मताधिकार दिला. तरीही १९८० ते २००० या काळातील हिंसाचाराविषयी सत्यशोधन व समेट आयोगाने २००३ मध्ये दिलेल्या अहवालात मृत व बेपत्तांची संख्या सुमारे ६९,००० असल्याचा अंदाज केला आणि बळी पडलेल्यांपैकी दर चारांत तिघांची मातृभाषा केचुआ वा अन्य देशी भाषा होती, असे नोंदविले. २००६ मध्ये संसदेत केचुआतून शपथ घेणाऱ्या इलारिया सुपा यांच्या हस्तलिखित स्पॅनिशमधील चुका लिमातील एका दैनिकाने २००९ मध्ये पहिल्या पानावर छापून त्यांची हेटाळणी केली. केचुआत तीनच स्वर आहेत, स्पॅनिशमध्ये पाच; त्या लेखनातील स्वरांची अदलाबदल हे अज्ञानाचे नव्हे, मातृभाषेचे लक्षण असते. हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते, वाचून हसणाऱ्याला ठाऊक नसते. राजभाषेचा दर्जा कायद्याने देता येतो. श्रोत्याचा कान कायद्याने बदलत नाही. पातिबाम्बाच्या झोपडीपुढे उभ्या राहिलेल्या त्या मुलाला हे समजले होते, आणि म्हणूनच ही कादंबरी भाषेच्या अभ्यासकाने वाचावी.