वृंदवादनातील तरुण एकलवादक

हौशी वाद्यवृंदाच्या अग्रभागी एखाद्या होतकरू शास्त्रीय वादकाला अथवा गायिकेला बसवून केलेले कार्यक्रम अलीकडे आपल्या शहरात अधूनमधून ऐकावयास मिळतात. त्यांचे परीक्षण बहुधा कौतुकाने सुरू होते आणि कौतुकानेच संपते. मुलांचे वय, पालकांचे कष्ट, संयोजकांची निष्ठा यांविषयी भरभरून लिहिले जाते. प्रत्यक्ष वाजले काय, याविषयी मात्र दोन ओळीही नसतात. हे औदार्य आम्हांला मुलांच्या हिताचे वाटत नाही. ज्या घरात गाण्याची परंपरा नाही, त्या घरातील मुलाला गुरूची खोली आणि दूरचित्रवाणीवरील स्पर्धा यांच्यामध्ये उभे राहायला हीच एक जागा उरली आहे. तेव्हा त्या जागेवर नेमके काय शिकायला मिळते, हे तपासून पाहिले पाहिजे.

बडोद्यापुढे हा प्रश्न फार पूर्वीच उभा राहिला होता. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी 1886 साली येथे गायनशाळा काढली. सर्वसामान्यांच्या मुलांना संगीत सामुदायिक रीतीने शिकवायचे, तर ते लिहिता आले पाहिजे, हे जाणून त्यांनी स्वरलेखनाची पद्धती सिद्ध केली. त्यांचे एक चिरंजीव अलाउद्दीन खाँ लंडनच्या रॉयल अकॅडमीत पाश्चात्त्य संगीत शिकून आले. दुसरीकडे त्याच संस्थानात कलावंत कारखाना होता. त्यात गवई, बीनकार, सारंगिये, नर्तकी यांची नेमणूक होई आणि त्यांच्या हजेरीचे, रजेचे नियमही ठरलेले असत. (आमची उमेद सरकारी फायलींत सरली असल्याने गवयाच्या रजेचा नियम आम्हांला विशेष मौजेचा वाटतो.) एकीकडे वहीवरून शिकणारा समूह, तर दुसरीकडे कोणत्याही वहीत न मावणारा कलावंत, असे हे चित्र होते. फैयाजखाँ साहेबांची थोरवी या दुसऱ्या दालनातली. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ गायनशाळेच्या वातावरणात वाढले, पण गायक आणि वीणावादक म्हणून त्यांचा लौकिक झाला तो एकट्याच्या कलेने. 1916 साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली. तरीही ही दोन दालने जोडणारे दार काही नीटसे उघडले नाही.

मैहरची कथा निराळी नाही. इन्फ्लुएंझाच्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना हाताशी धरून अलाउद्दीन खाँ साहेबांनी तेथे बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्यांचे नलतरंग हे त्याचे नवल. (हे खाँ साहेब वेगळे, मौलाबक्षांच्या चिरंजिवांशी केवळ नामसाम्य.) परंतु रविशंकर, अली अकबर, अन्नपूर्णादेवी यांची तालीम बँडच्या रांगेत नव्हे, तर घरात, समोर बसून झाली. एकाच गुरूने वृंद आणि एकलवादक दोन्ही घडवले, मात्र वेगवेगळ्या रीतींनी.

आकाशवाणीने 1952 साली दिल्लीत वाद्यवृंद स्थापिला. रविशंकर आणि पुढे पन्नालाल घोष यांच्यासारख्या थोर एकलवादकांनी त्याचे संचालन केले. त्यानंतर 1971 साली रविशंकरांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी सतारीचा कंचेर्तो रचला. खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांज खमाज असे त्याचे चार भाग आहेत. ध्वनिमुद्रण आम्ही अनेकदा ऐकले. सतार बोलते तेव्हा वृंद बहुतांशी गप्प असतो आणि वृंद बोलतो तेव्हा सतार थांबते. ही रचना सभ्य पाहुण्यांच्या संभाषणासारखी वाटते. टीकाकारांनी तीवर तुटकपणाचा आक्षेप घेतला आणि तो खोटा नाही. तरी त्यात एक शहाणपण आहे, हे आम्हांला उशिरा उमगले असे नव्हे. ते पहिल्याच श्रवणात जाणवते. रागाच्या विस्ताराखाली रविशंकरांनी पाश्चात्त्य कॉर्डचे जाड अस्तर लावलेले नाही.

नेमके हेच भान आपल्या हौशी वृंदांना नसते. अशाच एका कार्यक्रमात सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलीने सतारीवर बागेश्री वाजविली. साथीला व्हायोलिन, बासऱ्या, तबला, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड होते. मुलीने आलाप आरंभला. कोमल गंधारावरून षड्जावर येण्याची तिची रीत गोड होती. एवढ्यात कीबोर्डवाल्याने खाली मायनर कॉर्ड धरला. म्हणजे काय झाले? षड्ज, कोमल गंधार आणि पंचम हे तीन स्वर अखंड निनादू लागले. बागेश्रीत पंचम अत्यल्प. मध्यमाकडून धैवताकडे जाताना क्वचित त्याला स्पर्श होतो, आणि त्या काटकसरीतच रागाचे रूप आहे. येथे तोच पंचम सतरंजीसारखा अंथरला गेला! मुलगी मध्यमावर थांबे, तेव्हा तिचा मध्यम त्या पंचमाशी भांडे. पण तिच्या कानांची तारीफ करावी लागेल. तिने एक स्वर सोडून दिला, हात आवरला, कॉर्ड विरेपर्यंत वाट पाहिली आणि मग रित्या शांततेत गंधार लावला. संपूर्ण मैफलीत बागेश्री भेटली ती तेवढ्या क्षणी. टाळ्या मात्र पुढच्या जलद तिहाईला पडल्या. तीही वृंदाने निभावू दिली नाही. वहीतल्या मात्रा मोजणारी व्हायोलिने एक आवर्तन आधीच मुखड्यावर येऊन आदळली.

हा दोष व्हायोलिनवाल्यांचा नाही, रचना बांधणाऱ्याचा आहे. एकलवादकाचा विस्तार अमुक आवर्तनांचा, असे कागदावर ठरवले की त्याचे ख्यालाशी नाते तुटते. पाश्चात्त्यांकडेही कंचेर्तोमध्ये 'कादेंझा' ही वादकाच्या मोकळ्या वादनाची जागा होती. पुढे रचनाकारच ती लिहून देऊ लागले. बेथोव्हेनने आपल्या पाचव्या पियानो कंचेर्तोत वादकाने स्वतःची कादेंझा वाजवू नये, असे बजावले आहे. त्यांच्या संगीताला ते मानवले, कारण ते मुळात लिखित. आमचे तसे नाही.

वृंदाने थांबावे कसे, हे शिकण्यासाठी मराठी रसिकाला लंडनपर्यंत जावे लागत नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मिरवणाऱ्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँ साहेबांचा तबला अशी साथ असे. 'वन्समोअर' आला की पद लांबे, वळे, नव्या जागा घेई. ते किती वेळ चालेल हे कुणाच्याही कागदावर नसे. साथीदारांचे डोळे गायकाकडे असत. मुखडा ऐकू आला की सारे एकदम समेवर येत. वृंद लहान होता हे खरे, परंतु तत्त्व वीस वादकांनाही लागू पडते.

षड्जाचा प्रश्नही येथेच येतो. सतार बहुधा काळी एकच्या आसपास मिळवलेली असते, तर मुलीचा आवाज काळी चार किंवा पाचला लागतो. संयोजक सोय म्हणून मुलीला खाली ओढतात आणि तिचा खर्ज घशात अडकतो. काळी चारची गायिका असेल, तर सतारियाने आपला पंचम तिचा षड्ज मानावा, पडदे व तरफा त्याप्रमाणे मिळवाव्यात, बासरीवाल्याने दुसरी बासरी आणावी. यासाठी तालमीची एक सबंध संध्याकाळ खर्ची पडेल. ती खर्चायला बहुतेक मंडळे तयार नसतात; ध्वनिक्षेपकाच्या भाड्याची चर्चा मात्र तीन बैठकांत चालते.

आमची सूचना अशी की, एकलवादक म्हणून ज्याला पुढे बसवायचे, त्याने आधी काही महिने वृंदाच्या मागच्या रांगेत बसून दुसऱ्यासाठी नुसता लेहरा धरावा. आलापाच्या वेळी तानपुऱ्याखेरीज काहीही वाजू नये. कीबोर्ड ठेवायचाच असेल, तर वादकाला रागाचे वर्ज्य आणि अल्प स्वर लिहून द्यावेत. आणि संचालकाने वहीकडे पाठ करून त्या मुलाच्या उजव्या हाताकडे पाहत उभे राहावे.